संत योहान बॉस्को आणि वाट चुकलेली मुले

ज्युबिली हा शब्द आपण आज केवळ आनंदोत्सवाच्या अर्थी वापरितो. परंतु त्याचा मूळ अर्थ याहून खोल आहे. जुन्या करारातील लेवीय नामक पुस्तकात सांगितले आहे की, दर पन्नासाव्या वर्षी देशात कर्णा वाजवावा, दासांस मुक्त करावे आणि ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. पुढे नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशया संदेष्ट्याचा लेख उघडून वाचला, तोही बंदिवानांच्या सुटकेविषयीचाच होता. म्हणजे ज्युबिलीचा आणि तुरुंगाच्या दाराचा संबंध फार जुना आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या स्मरणिकेत देवळाच्या बांधणीची, धर्मगुरूंची आणि उपकारकर्त्यांची आठवण व्हावी हे योग्यच. परंतु ज्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत येत नाहीत, अशा वाट चुकलेल्या मुलांचीही आठवण या निमित्ताने व्हावी, असे आम्हांस वाटते. या हेतूने, अशा मुलांकरिता ज्यांनी आपला सर्व देह झिजविला, त्या संत योहान बॉस्को यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

इटलीमध्ये धर्मगुरूंच्या नावामागे डॉन हा आदरार्थी शब्द लावण्याची चाल आहे. त्यामुळे योहान बॉस्को हे जगभर डॉन बॉस्को या नावानेच ओळखले जातात. मुंबईकर वाचकांस तर हे नाव माटुंग्याच्या शाळेमुळे आणि तेथील पवित्र मरियेच्या देवालयामुळे घरच्यासारखे परिचयाचे आहे. तथापि हे नाव ज्या मनुष्याचे, त्याच्या कार्याचा उगम एका तुरुंगात झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते.

योहान यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिडमाँट प्रांतात कास्तेलनुओव्हो गावाजवळील बेक्की नावाच्या वाडीत झाला. घर शेतकऱ्याचे, मिळकत बेताची. योहान दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच १८१७ साली त्याचे वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. घरात वृद्ध आजी, सावत्र भाऊ अंतोनियो, सख्खा भाऊ जोसेफ आणि आई मार्गारेट एवढी माणसे उरली. मार्गारेटबाईंस अक्षरओळख नव्हती. पण धर्मशिकवण त्यांस मुखोद्गत होती आणि आकाशातले तारे, शेतातले पीक व दाराशी आलेला भिकारी या तिन्हींवरून मुलांस देवाविषयी बोध करण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती.

नऊ वर्षांच्या सुमारास योहानाने एक स्वप्न पाहिले, ते त्यास जन्मभर विसरता आले नाही. एका पटांगणात पुष्कळ मुले खेळत, भांडत व शिव्याशाप देत होती. योहान त्यांजवर मुठी घेऊन धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यास आवरून सांगितले की, ही मुले माराने नव्हे, तर सौम्यतेने व प्रीतीने जिंकावी लागतील. मग एक स्त्री दिसली. त्या मुलांच्या जागी हिंस्र पशू दिसू लागले, आणि पाहता पाहता ते पशू कोकरे बनले. या स्वप्नाचा अर्थ त्या वयात त्यास कळला नाही. पण मूठ उगारल्याने कोकरू होत नाही, हा धडा त्याच्या मनात कायमचा बसला.

जत्रेत येणाऱ्या डोंबाऱ्यांचे खेळ पाहून योहान दोरीवर चालणे, कोलांट्या मारणे, हातचलाखी करणे या कला शिकला. रविवारी तो वाडीतील लोक जमवून खेळ करून दाखवी. परंतु खेळाच्या आधी जपमाळेची प्रार्थना व सकाळच्या उपदेशाची उजळणी होई. हे तिकीट ज्यास पटत नसे, त्यास खेळ पाहावयास मिळत नसे.

या बाळलीलांवरून त्याचे बालपण सुखाचे होते असे कोणी समजू नये. शिकण्याची त्यास फार हौस. पण शेतकऱ्याच्या पोरास पुस्तक कशाला, असे सावत्र भावाचे मत होते. घरात रोज वाद होऊ लागले, तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून त्यास बाहेर पाठविले. १८२८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तो मोलिया नामक कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राहिला. पुढे कालोस्सो नावाच्या एका वृद्ध धर्मगुरूंनी त्यास लॅटिन शिकविण्यास प्रारंभ केला. बापाविना वाढलेल्या मुलास बाप मिळाला. पण १८३० साली तेही अकस्मात वारले आणि योहान पुन्हा पोरका झाला. जगावर रुसण्यास, मन कडू करून घेण्यास जितकी कारणे लागतात, तितकी त्यास लहानपणीच मिळाली होती. पुढे तुरुंगातील मुलांची मने त्यांस वाचता आली, त्याचे रहस्य यातच आहे.

१८३१ मध्ये किएरी या गावी त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. शिंप्याकडे, कॉफीच्या दुकानात, मिळेल तेथे काम करून तो आपला खर्च भागवी. येथे त्याने आपल्या सोबत्यांची एक मंडळी स्थापिली व तिला आनंद मंडळी असे नाव दिले. ख्रिस्ती मनुष्यास न शोभणारे काही करू नये, अभ्यास व धर्म यांतील कर्तव्ये नीट पार पाडावी आणि सदा आनंदी असावे, एवढेच तिचे नियम. आनंद हा नियम असू शकतो, तो मनास लावावयाची एक सवय आहे, हा विचार त्या काळच्या शाळांत नवीनच होता.

५ जून १८४१ रोजी तुरीन येथे त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढील अभ्यासासाठी ते त्याच शहरातील धर्मगुरूंच्या एका विद्यालयात राहिले. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते त्यांच्याच गावचे डॉन जोसेफ काफास्सो. हे गृहस्थ वयाने अवघे चार वर्षांनी वडील, शरीराने ठेंगणे, पाठीत वाकलेले. पण फाशीची शिक्षा झालेल्या पन्नासाहून अधिक कैद्यांस त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत सोबत केली. ज्यांस सर्व जगाने टाकिले, त्यांच्याही मनात देवाच्या क्षमेची आशा जागविता येते, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखविले. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १९४७ साली त्यांस संतपद दिले.

काफास्सो यांनीच तरुण डॉन बॉस्कोंस तुरीनच्या तुरुंगात नेले. तो काळ असा होता की, डोंगरखोऱ्यांतील गरीब कुटुंबांची मुले पोटासाठी शहरात येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाही, कोणी धुराडी साफ करी. थंडीत काम सुटले की अन्नाची भ्रांत. मग चोरी, मारामारी आणि तुरुंग. डॉन बॉस्कोंनी तेथे बारा ते अठरा वर्षांची कितीतरी मुले पाहिली. अंगापिंडाने धडधाकट, बुद्धीने तल्लख, पण हातांस काम नाही, पोटास पुरेसे अन्न नाही आणि अंगावर किड्यांचे चावे. हे दृश्य पाहून त्यांचे अंतःकरण गलबलले, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे.

परंतु केवळ हळहळून ते थांबले नाहीत. त्यांनी एक गोष्ट नीट निरखिली. सुटका होताना पुष्कळ मुलांचा निश्चय चांगला असे. तरी थोड्याच दिवसांत तीच मुले पुन्हा त्याच कोठडीत दिसत. असे का व्हावे? त्यांस उत्तर मिळाले ते असे की, बाहेर आल्यावर त्या मुलांचे असे कोणीच नसे. जुन्या सोबत्यांखेरीज त्यांस कोणी हाक मारीत नसे. आपण वाईट आहो, आपले काही व्हावयाचे नाही, असे त्यांस सर्वांनी सांगितलेले. आणि पुष्कळदा ऐकलेली गोष्ट मुलास अखेर खरी वाटू लागते. या मुलांस तुरुंगाबाहेर एखादा मित्र असता, सणावारी जवळ घेऊन शिकविणारा कोणी असता, तर यांतील किती वाचली असती, असा प्रश्न डॉन बॉस्कोंनी स्वतःस केला आणि उरलेले सर्व आयुष्य त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात वेचिले.

त्यांच्या कार्याचा आरंभ ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, झाला. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या देवळात ते मिस्सासाठी वस्त्रे घालीत असता साक्रिस्तीत एक मुलगा येऊन उभा राहिला. मिस्साची सेवा करता येत नाही, असे त्याने सांगताच तेथल्या सेवकाने त्यास झोडपून बाहेर घालविले. डॉन बॉस्कोंनी सेवकाची कानउघाडणी केली आणि तो आपला मित्र आहे असे सांगून मुलास परत बोलाविले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गारेल्ली. वय सोळा, धंदा गवंड्याचा, आईबाप वारलेले, लिहिणेवाचणे येत नाही, पहिले ख्रिस्तशरीर घेतलेले नाही. प्रत्येक प्रश्नास नकाराचेच उत्तर. तेव्हा शीळ तरी वाजविता येते की नाही, असे त्यांनी विचारिले आणि मुलगा हसला, अशी आठवण सालेशियन घरांत आजही सांगितली जाते. मग दोघांनी मिळून नमो मरिया म्हटले. ज्यास काहीच येत नाही असे सर्वांनी ठरविले होते, त्यास येणारी एक गोष्ट शोधून काढावयाची आणि तेथून आरंभ करावयाचा, ही डॉन बॉस्कोंची रीत त्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

एकाची दहा मुले झाली, दहांची शेकडो झाली. रविवारी व सणादिवशी ती जमत. मिस्सा, धर्मशिक्षण, खेळ, गाणी व सहल असा कार्यक्रम असे. या मेळाव्यास ओरेटरी हे नाव पडले. परंतु शेकडो दांडगी मुले शेजारी कोणास हवी असणार? आज एका संस्थेच्या आवारात, उद्या स्मशानाजवळच्या देवळात, परवा गिरणीच्या बाजूस, असे करीत ओरेटरी जागोजागी हाकलली गेली. शहराचे अधिकारी संशयाने पाहू लागले. काही स्नेह्यांस तर डॉन बॉस्कोंस वेड लागले असेच वाटले. दोन धर्मगुरू गाडी घेऊन त्यांस वेड्यांच्या इस्पितळात नेण्यास आले. डॉन बॉस्कोंनी मोठ्या आदराने त्या दोघांस आधी गाडीत बसविले, दार लावून घेतले आणि गाडीवानास भरधाव हाकण्यास सांगितले. पाहुण्यांस इस्पितळातून सुटताना पुरेवाट झाली. हा विनोद खरा. पण त्यामागील दुःखही खरे होते. १८४६ च्या झावळ्यांच्या रविवारी, हातचे शेवटचे मैदानही जाणार असे ठरल्यावर, खेळणाऱ्या मुलांकडे पाहून त्यांस रडू कोसळले. त्याच दिवशी वाल्दोक्को भागातील पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी भाड्याने मिळाली. छप्पर इतके ठेंगणे की, आतली जमीन खोदून खाली घ्यावी लागली. १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, मुले आपल्या स्वतःच्या जागेत आली.

त्याच वर्षी जुलैत अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी पोहोचले. विटा वाहणाऱ्या पोरांनी उपास केले, नवस केले, देवळात रात्रंदिवस पाळ्या लावून प्रार्थना केली. ते बरे झाले; आणि आपले जीवन यापुढे या मुलांचेच आहे, असे त्यांनी ठरविले. नोव्हेंबरात त्यांनी आपल्या आईस बेक्कीहून तुरीनला आणिले. मायलेक पायी आले. मार्गारेटबाईंनी आपल्या लग्नाची वस्त्रे वेदीसाठी दिली आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी परक्यांच्या पोरांची आई होणे पत्करिले.

आरंभ गोड नव्हता. गवताच्या माळ्यावर ज्यांस झोपावयास जागा दिली, ती काही पोरे पहाटे पांघरुणे घेऊन पसार झाली. तरी १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक पोरका मुलगा दाराशी आला, तेव्हा मार्गारेटबाईंनी त्यास स्वयंपाकघरात अंथरूण घालून दिले आणि निजण्यापूर्वी दोन बोधाच्या गोष्टी सांगितल्या. सालेशियन घरांत रात्री निजण्याआधी मुलांस दोन प्रेमाचे शब्द सांगण्याची जी चाल आहे, तिचा उगम त्या चुलीपाशी मानितात. एके दिवशी मुलांनी लढाईच्या खेळात भाजीचा मळा तुडविला, वाळत घातलेले कपडे लोळविले. बाईंचा धीर सुटला व त्या गावी जाण्यास निघाल्या. पुत्राने काही न बोलता भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविले. माऊलीने डोळे पुसले आणि ती राहिली. १८५६ च्या नोव्हेंबरात तेथेच तिने देह ठेविला.

आता डॉन बॉस्कोंनी या मुलांची मने कशी बदलली, याचा विचार करू. आजकाल सुधारगृहांतील मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी सकारात्मक विचारांचे शिक्षण द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. मूल स्वतःविषयी व भविष्याविषयी जे काळे विचार करिते, ते ओळखून त्यांच्या जागी आशेचे विचार करण्याची सवय लावावी, असा त्याचा अर्थ. हे शास्त्र व हा शब्द डॉन बॉस्कोंच्या काळी नव्हता. परंतु गोष्ट त्यांस ठाऊक होती, आणि तिची मर्यादाही ठाऊक होती. ज्याच्या पोटात अन्न नाही व पाठीवर छप्पर नाही, त्यास चांगला विचार कर असे नुसते सांगणे म्हणजे त्याची थट्टा होय. म्हणून त्यांनी आशेस आधी पाया दिला. १८५३ पासून जोडे व कपडे शिवण्याचे, पुढे पुस्तकबांधणीचे, सुतारकामाचे, छपाईचे व लोहारकामाचे कारखाने त्यांनी ओरेटरीतच काढिले. त्याही आधी, १८५१ व १८५२ सालांत, मुलांस बाहेर कामावर ठेविताना त्यांनी मालकांशी लेखी करार केले. ते कागद आजही जतन करून ठेविले आहेत. मालकाने मुलास धंदाच शिकवावा, घरगडी समजू नये. चूक झाल्यास शब्दाने सांगावे, मारू नये. सणवारी सुटी द्यावी. वर्षास पंधरा दिवसांची रजा द्यावी. मजुरी दरवर्षी वाढवावी, अशी कलमे त्यांत आहेत. उद्याविषयी चांगले चिंतावे असे मुलास सांगण्यापूर्वी, त्याचा उद्या चांगला व्हावा याची तजवीज त्यांनी केली.

दुसरी गोष्ट अशी की, त्यांस वरवरचा आनंद पुरेसा वाटत नसे. १८५७ च्या शरदऋतूतील एका धुकट संध्याकाळी कार्माञ्ञोला स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता त्यांनी पोरांचा गलबला ऐकिला. त्या टोळीचा नायक होता मायकेल मागोने. वय बारा, बाप नाही, शाळेतून अनेकदा काढून टाकिलेला. डॉन बॉस्कोंनी त्यास ओरेटरीत आणिले. महिनाभर हा पोरगा वाऱ्यासारखा धावे; खेळात त्याच्यापुढे कोणी नसे. मग एकाएकी तो उदास झाला. इतर मुले खेळत असता हा कोपऱ्यात बसून रडे. डॉन बॉस्कोंनी त्यास रागाविले नाही, हसण्याची सक्तीही केली नाही. जवळ बोलावून मायेने विचारपूस केली. मनात जुन्या गोष्टींचा गुंता झाला आहे, तो कसा सोडवावा हे आपणांस समजत नाही, असे मुलाने कळविले. पापनिवेदनाच्या संस्काराने तो गुंता सुटला. मुलाचा जीव हलका झाला आणि त्याचा आनंद परत आला, तो आता आतून आला. १४ वर्षेही पुरी न करता, २१ जानेवारी १८५९ रोजी, मागोने देवाघरी गेला. डॉन बॉस्कोंनी १८६१ साली त्याचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. दुःखास आधी वाचा फुटू द्यावी, मग आशा शिकवावी, हा त्यातील बोध शिक्षकांनी व आईबापांनी विसरू नये.

तिसरी गोष्ट विश्वासाची. तुरीनमध्ये १८४५ साली जनराला नावाचे बालगुन्हेगारांचे एक सुधारगृह उघडले होते. डॉन बॉस्को तेथे वारंवार जात, आणि तेथून सुटलेल्या काही मुलांस आपल्या घरी आसरा देत. सालेशियन परंपरेत १८५५ सालची एक कथा सांगतात. उपासकाळात त्या मुलांची आत्मिक साधना घेतल्यावर, त्यांस एक दिवस मोकळ्या हवेत सहलीस न्यावे असे डॉन बॉस्कोंनी मागितले. अधिकारी थक्क झाले. मंत्री उर्बानो रात्ताझ्झी यांजकडे गोष्ट गेली. हे गृहस्थ ख्रिस्तसभेचे मित्र नव्हते. मठ बंद करण्याचा कायदा त्याच वर्षी त्यांच्याच पुढाकाराने झाला. तरी डॉन बॉस्कोंच्या कार्याविषयी त्यांस आदर होता. साध्या वेशात शिपाई बरोबर देतो, असे ते म्हणाले. डॉन बॉस्कोंनी एकही शिपाई घेतला नाही. सुमारे तीनशे मुले दिवसभर स्तुपिनीजीच्या रानात हिंडली, खेळली, जेवली आणि संध्याकाळी एकूणएक परत आली. मुलांनी शब्द दिला होता, आणि कोणीतरी तो खरा मानिला होता. त्यांस बांधून ठेवण्यास एवढी दोरी पुरली.

आपल्या पद्धतीस त्यांनी प्रतिबंधक पद्धती असे नाव दिले. १८७७ साली त्यांनी तिजवर एक छोटा निबंध लिहिला. विवेक, धर्म व वात्सल्य हे तिचे तीन आधार. नियम आधी समजावून सांगावे, म्हणजे मुलगा अज्ञानाने चुकत नाही. वडीलधाऱ्यांनी सदैव मुलांमध्ये असावे, म्हणजे चुकण्यास अवकाश राहत नाही. मारझोड कधीच करू नये. चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये. धावणे, उड्या मारणे, गाणे, नाटक व सहल यांस भरपूर मोकळीक द्यावी. मुलगा शिक्षेच्या भयाने गप्प बसला म्हणजे सुधारला असे नव्हे. तो मनाने वळला पाहिजे. १८७८ साली त्यांनी मंत्री फ्रान्सेस्को क्रिस्पी यांस एक टिपण पाठवून, कामाच्या शोधात शहरात आलेली, पोरकी, आईबापांनी टाकिलेली व भटकी मुले गुन्हेगार होण्यापूर्वीच कशी सावरावी, हे सांगितले.

वार्धक्यात त्यांस एक दुःख सोसावे लागले. संस्था वाढली, इमारती वाढल्या. पण पूर्वीचा मोकळेपणा कमी झाला. १० मे १८८४ च्या एका पत्रात त्यांनी रोमहून आपल्या मंडळींस कळविले की, मुले खेळात मन घालीत नाहीत, घोळके करून कुजबुजतात, वडील माणसांपासून दूर राहतात. आणि वडील माणसेही त्यांच्यात मिसळेनाशी झाली आहेत. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांस कळले पाहिजे, हा त्या पत्राचा गाभा. ज्या धर्मग्रामात देऊळ मोठे व अंगण ओसाड असते, त्याने हे पत्र पुनःपुन्हा वाचावे.

त्यांच्या कार्याचा विस्तार येथे थोडक्यातच सांगतो. संत फ्रान्सिस दे सालेस यांच्या सौम्यतेवरून त्यांनी आपल्या संघास सालेशियन हे नाव दिले. संघाची स्थापना १८ डिसेंबर १८५९ रोजी झाली. १८७२ साली संत मेरी माझ्झारेल्लो यांच्या साहाय्याने मुलींसाठी भगिनींचा संघ निघाला. १८७५ मध्ये पहिले मिशनरी अर्जेंटिनास गेले. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्कोंनी तुरीन येथे देह ठेविला. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यांस संतपद दिले; आणि १९८८ साली, मृत्यूच्या शताब्दीस, परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस तरुणांचा पिता व गुरू असे संबोधिले.

हिंदुस्थानात सालेशियन धर्मगुरू १९०६ साली तंजावर येथे आले. मुंबईत १९२८ साली. माटुंग्याचे देवालय १९५७ मध्ये उभे राहिले, आणि वडाळ्यास रस्त्यावरील मुलांसाठी निवारा १९८७ मध्ये सुरू झाला. तुरीनच्या जनराला सुधारगृहाची जागा आजही बालगुन्हेगारांचीच संस्था आहे. म्हणजे ज्या दाराशी डॉन बॉस्को उभे राहत, ते दार अजून बंद झालेले नाही. आपल्याकडेही २०१५ च्या बालन्याय कायद्याने अशा मुलांस गुन्हेगार न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणावे असे ठरविले आहे. नाव बदलले हे बरे झाले. परंतु त्या मुलास गल्लीत, शाळेत आणि देवळाच्या पायरीवर लोक कोणत्या नावाने हाक मारितात, हे कायदा ठरवू शकत नाही. ते आपण ठरवितो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांस अवश्य वाटते. निरीक्षणगृहातून परत आलेल्या मुलाच्या मनास कित्येकदा खोल जखमा झालेल्या असतात. झोप नसते, भीती असते, जिवाचा वीट आलेला असतो. अशा वेळी प्रार्थनेबरोबर मानसरोगाच्या डॉक्टरचेही साहाय्य घ्यावे; त्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही. परंतु डॉक्टर आठवड्यास एक तास भेटेल. उरलेल्या वेळात त्या मुलास मित्र कोण? सुतारकाम, वायरिंग, मोटारदुरुस्ती यांतील कारागीर आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांतील एकाने जरी अशा एका मुलास हाताखाली घेतले, तरी वाल्दोक्कोची पडवी येथे उभी राहील. त्या मुलाच्या आईस देवळात मागल्या बाकावर बसावे लागू नये, एवढे तर आपणा सर्वांस करता येईल.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ज्युबिलीचा कर्णा बंदिवानांकरिता वाजत असे, हे आम्ही आरंभी सांगितले. संत योहान बॉस्को यांनी तो आपल्या जन्मभर वाजविला. दरवर्षी ३१ जानेवारीस त्यांचा सण येतो. त्या दिवशी मेणबत्ती लावताना आपल्या वाट चुकलेल्या एका तरी मुलाचे नाव आपल्या ओठांवर यावे, आणि देवळातून घरी जाताना आपली पावले त्याच्या दाराशी थांबावी, अशी प्रार्थना आम्ही ख्रिस्ती जनांची साहाय्यकर्ती पवित्र मरिया हिच्या चरणी करितो.